आवाजाला कामाला लावणारा इंजिनिअर

तुमच्या गल्लीतल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीला लुना, वेस्पा किंवा आरएक्स-१०० या गाड्यांबद्दल विचारून पाहा. त्याचा चेहरा खुलेल. या गाड्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालत. त्यांच्या मागून निळसर धूर निघे आणि आवाज असा येई, की न बघताही गाडी ओळखता येई. जुन्या रिक्षांचा टर्रर्र आवाजही त्याच जातीचा. या सगळ्या गाड्यांची इंजिने ‘टू-स्ट्रोक’ होती. आज रस्त्यावर नव्याने येणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्या ‘फोर-स्ट्रोक’ असतात. त्यामुळे तो आवाज आता क्वचितच कानावर पडतो.

त्या आवाजात किती ताकद लपलेली आहे, हे एका माणसाने शोधून काढले. त्याचे नाव वाल्टर काडेन. तो राजा नव्हता, सेनापती नव्हता, शर्यत जिंकणारा स्वारही नव्हता. तो एका लहान गावातल्या कारखान्यात काम करणारा इंजिनिअर होता. पण जगात कुठेही टू-स्ट्रोक इंजिनाची शक्ती वाढवायची असली, की मिस्त्री आजही त्याच्याच वाटेने जातो.

वाल्टर काडेन यांचा जन्म १ सप्टेंबर १९१९ रोजी जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील पोबेरशाऊ या डोंगराळ गावी झाला. जवळच चोपाऊ नावाचे गाव आहे. तिथे डीकेडब्ल्यू कंपनीचा मोटारसायकलींचा मोठा कारखाना होता. १९२० ते १९४० या काळात जगातील सर्वांत मोठ्या मोटारसायकल कारखान्यांत त्याची गणना होई, आणि त्याच्या गाड्या टू-स्ट्रोक असत. वाल्टरचे वडील याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याची मोटार चालवत. म्हणजे घरात श्रीमंती नव्हती, पण यंत्रांचा वास मात्र होता.

१९२७ च्या जून महिन्यात जर्मनीत न्युर्बुर्गरिंग हा शर्यतीचा प्रसिद्ध मार्ग सुरू झाला. तो उद्घाटनाचा सोहळा पाहायला वाल्टर गेला होता. तेव्हा त्याला आठ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्या दिवशी पाहिलेल्या गाड्यांनी त्याच्या मनात घर केले. आपल्याला इंजिनिअर व्हायचे आहे, हे त्या दिवसापासून ठरले, असे तो पुढे सांगत असे. मोठा झाल्यावर त्याने केम्निट्झ या शहरातील तंत्रविद्यालयात शिक्षण घेतले.

पण शिक्षण संपते न संपते तोच दुसरे महायुद्ध पेटले. १९४० साली काडेन बर्लिनजवळच्या हेन्शेल या विमान कारखान्यात नोकरीला लागले. तिथे एचएस २९३ नावाचे एक अस्त्र तयार होत होते. ते विमानातून सोडायचे आणि रेडिओने त्याला दिशा देत शत्रूच्या जहाजावर आदळायचे. काडेन यांच्याविषयी लिहिताना हा भाग पुष्कळ लोक घाईने ओलांडतात. आपण मात्र क्षणभर थांबू या. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी भूमध्य समुद्रात याच अस्त्राने ‘रोहना’ हे जहाज बुडवले. ते ब्रिटिश इंडिया कंपनीचे होते. त्यावर अमेरिकन सैनिक होते आणि काम करणारे बरेचसे खलाशी आपल्या देशातले होते. हजाराहून अधिक माणसे त्या दिवशी मेली. काडेन हे त्या कामावरच्या अनेक तरुण इंजिनिअरांपैकी एक होते, एवढेच. तरीही त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगताना हे पान फाडून टाकता येत नाही.

युद्धात जर्मनी हरला. शहरे बाँबने उद्ध्वस्त झाली होती. काडेन काही काळ अमेरिकनांच्या कैदेत होते. सुटल्यावर ते चोपाऊला परतले आणि त्यांनी चक्क लाकडाचा धंदा सुरू केला. पडलेल्या घरांना नवी छपरे हवी होती. त्या छपरांचे लाकडी सांगाडे ते बनवू लागले. मात्र फावल्या वेळात हा माणूस एका जुन्या मोटारसायकलीशी झटत असे. ती होती डीकेडब्ल्यूची ‘आरटी १२५’. या गाडीचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. ती गाडी सुधारायची, स्वतः चालवायची आणि गावोगावच्या शर्यतींत उतरायचे, असा त्यांचा छंद होता.

चोपाऊ आता पूर्व जर्मनीत गेले होते. जर्मनीचे दोन तुकडे झाले होते. पश्चिमेकडे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांचा प्रभाव होता, तर पूर्वेकडे रशियाचा. पूर्वेकडचे कारखाने सरकारच्या ताब्यात गेले. चोपाऊचा कारखानाही सरकारी झाला, आणि पुढे त्याच्या गाड्यांना ‘एमझेड’ हे नाव मिळाले. १९५३ साली या कारखान्याने काडेन यांना बोलावून शर्यतीच्या गाड्यांचा विभाग त्यांच्या हाती सोपवला. तेव्हा ते तेहतीस-चौतीस वर्षांचे होते.

विभाग मिळाला, पण साधने नव्हती. चांगले पोलाद मिळत नसे, चांगले बेअरिंग मिळत नसे. पैसा तर नव्हताच. समोर इटलीचे आणि थोड्याच वर्षांत जपानचे बलाढ्य कारखाने उभे होते. त्यांच्या गाड्या फोर-स्ट्रोक होत्या. त्या काळी जाणकार लोक टू-स्ट्रोककडे गरिबाचे इंजिन म्हणून पाहत. बाजारहाटाला ते ठीक, शर्यतीत त्याचे काय काम, असे त्यांचे मत होते.

आता त्यांचे मत असे का होते, हे समजून घेऊ. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोन वेळा खाली-वर होतो तेव्हा पेट्रोल एकदा पेटते. ताजी हवा आत घ्यायला एक झडप असते, धूर बाहेर सोडायला दुसरी. सगळे कसे शिस्तीत चालते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल पिस्टनच्या प्रत्येक फेरीत पेटते. म्हणजे खरे तर त्याची शक्ती दुप्पट हवी. पण त्यात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्यांसारखी भोके असतात, त्यांना ‘पोर्ट’ म्हणतात. पिस्टन खाली आला की ती उघडतात, वर गेला की बंद होतात. गोम अशी, की धूर बाहेर जायची खिडकी आणि ताजे मिश्रण आत यायची खिडकी या दोन्ही काही काळ एकाच वेळी उघड्या राहतात. मग एका दाराने आलेला पाहुणा दुसऱ्या दाराने निघून जावा, तसे होते. पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रण न पेटताच धुराबरोबर बाहेर पडते. पेट्रोल वाया जाते आणि शक्तीही.

युद्धापूर्वी डीकेडब्ल्यूच्या शर्यतीच्या गाड्यांत पंपाने जोर लावून मिश्रण आत कोंबत. युद्धानंतर शर्यतींत अशा पंपावर बंदी आली. म्हणून काडेन यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला: पंप न लावता पळून जाणारे मिश्रण परत आत कसे आणायचे?

उत्तर धुराच्या नळीत होते.

तुम्ही कधी विहिरीत डोकावून हाक मारली आहे का? हाक खाली जाते, आपटते आणि परत येते. आवाज म्हणजे हवेतली दाबाची लाट. इंजिनाची धुराची खिडकी उघडते तेव्हा तापलेला वायू एकदम बाहेर झेपावतो आणि अशीच एक जोरदार लाट नळीतून धावत सुटते. नळीचा आकार बदलला की ही लाट परत फिरते. पण ती दोन प्रकारांनी परतते, आणि सगळी गंमत इथेच आहे. नळी पुढे रुंद होत गेली, तर लाट उलटी होऊन येते. ती ढकलत नाही, ओढते. नळी पुढे अरुंद होत गेली, तर लाट दाब घेऊनच परत येते, म्हणजे ढकलते.

आता अशी एक नळी डोळ्यांपुढे आणा, जी सुरुवातीला बारीक आहे, मग नरसाळ्यासारखी रुंद होते, मध्ये तिला मोठे पोट आहे आणि पुढे ती पुन्हा निमुळती होते. अजगराने बकरी गिळल्यावर तो जसा दिसेल, तशी. रुंद होणाऱ्या भागातून ओढणारी लाट परत येते आणि सिलिंडरमधला जळका धूर खेचून घेते. त्या ओढीने ताजे मिश्रणही भराभर वर येते आणि थोडे नळीतही शिरते. इतक्यात निमुळत्या भागाकडून ढकलणारी लाट येऊन पोचते आणि बाहेर पडलेल्या त्या मिश्रणाला मागे सिलिंडरमध्ये लोटते. त्याच क्षणी पिस्टन खिडकी बंद करतो. चोर दारातच पकडला जातो! पंप नाही, झडप नाही, हलणारा एकही भाग नाही. पत्र्याची नुसती पोकळ नळी, आणि काम करणारा कोण, तर आवाज.

पोट असलेली नळी काडेन यांनी सर्वांत आधी वापरली, असे मात्र नाही. पश्चिम जर्मनीत एरिक वुल्फ या इंजिनिअरने त्यांच्या आधी डीकेडब्ल्यूच्या शर्यतीच्या गाड्यांना तशा नळ्या बसवल्या होत्या. काडेन यांचे मोठेपण वेगळे आहे. इतरांना ज्याचा अंदाज होता, ते त्यांनी मोजले. ऑसिलोस्कोप नावाचे यंत्र विजेच्या लहरी पडद्यावर रेषेच्या रूपात दाखवते. काडेन यांनी ते यंत्र वापरून नळीतल्या दाबाच्या लाटा प्रत्यक्ष पाहिल्या. लाट कधी निघते, कधी परतते, किती जोराने परतते, हे त्यांना दिसू लागले. मग नळीचा आकार बदलायचा आणि पुन्हा मोजायचे. बोटभर लांबी कमी केली तर काय होते? शंकू थोडा उभा केला तर? असे एकदा नाही, वर्षानुवर्षे चालले.

हे काम किती बारीक होते, त्याचा हिशेब तुम्हीच करा. त्यांचे इंजिन मिनिटाला १०,८०० फेऱ्या घेई. म्हणजे सेकंदाला १८०. प्रत्येक फेरीत धुराची खिडकी अर्ध्याच वेळेपुरती उघडी राहते. सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातले जेमतेम तीन भाग. तेवढ्यात लाटेने जायचे, परत यायचे आणि अगदी नेमक्या क्षणी दारावर हजर व्हायचे. झोपाळ्याला झोका देताना जसा नेमका क्षण साधावा लागतो, तसेच हे आहे. क्षण चुकला की झोका मोडतो. म्हणून अशा इंजिनाची शक्ती सगळ्या वेगांना सारखी नसते. कमी फेऱ्यांना ते आजारी माणसासारखे कण्हत चालते, आणि लाटेचा मेळ जमला की एकदम उधळते. त्या मोजक्या टप्प्याला मिस्त्री ‘पॉवर बँड’ म्हणतात.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. काही मुले सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाकतात, गाडी फटफट वाजू लागते, आणि गाडी जोरदार झाली असे त्यांना वाटते. ते ट्यूनिंग नव्हे. लाटेचा मेळ बिघडला की शक्ती बहुधा घटतेच, आणि शेजारी मात्र शिव्या देतात.

काडेन दुसऱ्यांकडून शिकायलाही तयार असत. डॅनियल झिमरमान नावाच्या एका खाजगी कारागिराने आपल्या आरटी १२५ ला मिश्रण आत घेण्यासाठी फिरती चकती बसवली होती. चकतीला एका बाजूने काप असतो. ती इंजिनाबरोबर फिरते. काप समोर आला की मार्ग उघडतो, सरकला की बंद. त्यामुळे मिश्रण कधी आत घ्यायचे आणि कधी थांबवायचे, हे पिस्टनवर अवलंबून राहत नाही. झिमरमानची गाडी सरकारी कारखान्याच्या गाड्यांना मागे टाकत होती. दुसरा एखादा साहेब रागावला असता. काडेन यांनी ती युक्ती उचलली आणि आपल्या इंजिनात बसवली. पुढे त्यांनी सिलिंडरला मिश्रणासाठी आणखी एक, तिसरी वाट पाडली. त्या वाटेने येणारे थंड मिश्रण पिस्टनच्या आतून जाई. त्यामुळे तिथले बेअरिंग थंड राही आणि शक्तीही वाढे. चांगले बेअरिंग मिळत नव्हते ना! मग जे मिळते तेच थंड ठेवायचे. टंचाईतून सुचलेल्या अशा युक्त्या मला तरी फार मोलाच्या वाटतात.

परिणाम काय झाला? १९३९ सालची मूळ आरटी १२५ सुमारे पावणेपाच अश्वशक्ती देत असे. १९५४ साली काडेन यांचे तेवढ्याच आकाराचे इंजिन १३ अश्वशक्ती देऊ लागले. १९६१ साली ते २५ वर पोचले. सिलिंडर १२५ सीसीचेच, पंप नाही, आणि शक्ती पाचपटीहून अधिक. पंपाशिवाय चालणाऱ्या इंजिनाने एका लिटरमागे २०० अश्वशक्तीचा टप्पा गाठण्याची जगातील ती पहिली वेळ होती.

शर्यतींत यश येऊ लागले. १९५८ साली स्वीडनमध्ये होर्स्ट फ्यूग्नर याने २५० सीसी गटात एमझेडला पहिला जागतिक दर्जाचा विजय मिळवून दिला. पुढच्या वर्षी इटलीत मोंझाच्या मार्गावर एर्न्स्ट देग्नर १२५ सीसी गटात जिंकला. हा देग्नर काडेन यांचा खास माणूस होता. तो नुसता स्वार नव्हता, स्वतः इंजिनांचा जाणकार होता. गाडी चालवून आला की इंजिन कुठे अडते, कुठे उधळते, हे तो नेमके सांगू शके. काडेन यांनी आपले सगळे ज्ञान त्याच्यापुढे उघडे ठेवले होते. उस्ताद आणि शागीर्द यांचे नाते असावे, तसे ते होते.

१९६१ साल उजाडले. १२५ सीसी गटात देग्नर पश्चिम जर्मनीत जिंकला. मग घरच्या मैदानावर, साक्सनरिंगला जिंकला. मग मोंझाला पुन्हा जिंकला. होंडासारखी कंपनी समोर असताना चोपाऊची ही गरीब गाडी जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर उभी राहिली. दोनच शर्यती उरल्या होत्या. स्वीडनची शर्यत जिंकली असती, तर विश्वविजेतेपद मिळाले असते. टू-स्ट्रोक इंजिनाने तोवर ते कधीच मिळवले नव्हते.

पण त्याच वर्षी १३ ऑगस्टला पूर्व जर्मनीच्या सरकारने बर्लिन शहरातून भिंत बांधायला सुरुवात केली. आपलीच माणसे पश्चिमेकडे पळून जाऊ नयेत, म्हणून. एका रात्रीत भाऊ-बहिणी एकमेकांना दुरावली. शर्यतीसाठी देग्नर परदेशी जाई, तेव्हा त्याची पत्नी आणि मुले मागे ठेवलेली असत. जगातला सर्वांत वेगवान स्वार, आणि त्याला मिळणारा मोबदला मात्र तुटपुंजा. बाहेर गेला की त्याला दिसे, की दुसऱ्या देशांतले स्वार कसे राहतात. जपानची सुझुकी कंपनी तेव्हा टू-स्ट्रोक गाड्या घेऊन शर्यतीत उतरली होती, पण तिच्या गाड्या मागे पडत होत्या. त्यांना काडेन यांचे ज्ञान हवे होते. देग्नरला स्वातंत्र्य हवे होते, आणि पैसाही. गुपचूप सौदा ठरला.

१७ सप्टेंबर १९६१. स्वीडनमधील क्रिस्टियनस्टाड. शर्यत सुरू झाली आणि थोड्याच वेळात देग्नरचे इंजिन निकामी झाले. विजेतेपद त्या दिवशी ठरले नाही. त्यानंतर देग्नर आपल्या संघाकडे परतला नाही. तो डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीत पोचला. त्याच सुमारास त्याची पत्नी आणि दोन लहान मुले एका मोटारीच्या डिकीत लपून सीमेपार आली. त्याने सोबत काही सुटे भाग आणि आराखडेही नेले, असे सांगितले जाते. नेले नसते, तरी काय फरक पडला असता? सगळे त्याच्या डोक्यात होते.

त्या वर्षीचे विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळाले. देग्नर दुसरा राहिला. शेवटच्या शर्यतीच्या वेळी त्याच्याजवळ ना एमझेड होती, ना पूर्व जर्मनीचा परवाना. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, तो सुझुकीवर बसून ५० सीसी गटाचा विश्वविजेता झाला. टू-स्ट्रोक इंजिनाचे ते पहिले जागतिक विजेतेपद. इंजिनावर नाव सुझुकीचे होते. त्यातली विद्या चोपाऊची होती.

तुम्ही म्हणाल, देग्नर चोर होता. मी इतक्या सहज तसे म्हणणार नाही. ज्या देशात बायको-मुलांना गहाण ठेवल्यासारखे मागे ठेवून बाहेर पडावे लागते, त्या देशातून सुटका करून घेणाऱ्याला दोष देताना जीभ अडखळते. पण ज्याने विश्वासाने सगळे शिकवले, त्याची वर्षांची मेहनत विकणे हेही खरेच. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. देग्नरला पुढे फार सुखही लाभले नाही. १९६३ साली जपानमधील सुझुका येथे गाडी पडून पेटली आणि तो भयंकर भाजला. त्या मार्गावरच्या एका वळणाला आजही त्याचे नाव आहे. १९८३ साली तो मरण पावला.

आणि काडेन? त्यांची सरकारी पोलिसांनी चौकशी केली. देग्नर पळणार हे तुम्हाला ठाऊक होते का, हा संशय त्यांच्यावर होता. ज्याचे घर लुटले गेले, त्यालाच चावडीवर उभे करावे, तसा हा प्रकार. त्यांनी कारखाना सोडला नाही आणि गावही सोडले नाही. पुन्हा नवे शंकू, पुन्हा नवी मोजमापे. १९६३ साली माइक हेलवुड हा नामवंत ब्रिटिश स्वार साक्सनरिंगला एमझेडवर बसला आणि २५० सीसी गटात जिंकला. १९७१ साली बेल्जियममध्ये सिल्व्हिओ ग्रासेट्टी जिंकला. पण जपानी कारखान्यांच्या पैशापुढे चोपाऊचा टिकाव लागणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. १९७६ पर्यंत एमझेडच्या नावावर १३ मोठे विजय जमा झाले. जगज्जेतेपद मात्र एकही नाही. ते १९६१ साली स्वीडनमध्ये हातातून निसटले, ते कायमचेच.

त्यांची विद्या मात्र सगळीकडे पसरली. सुझुकीनंतर यामाहा आली, मग इतर आल्या. १९७५ साली सर्वांत मोठ्या ५०० सीसी गटाचे विजेतेपदही टू-स्ट्रोकने जिंकले, आणि नंतर २००१ पर्यंत तो गट टू-स्ट्रोकच्याच हाती राहिला. पुढे धुराच्या प्रदूषणामुळे या इंजिनांचे दिवस संपत आले. २०११ नंतर जागतिक शर्यतींच्या लहान गटातूनही ती गेली.

वाल्टर काडेन मार्च १९९६ मध्ये वारले. सहाच वर्षांपूर्वी दोन्ही जर्मनी पुन्हा एक झाले होते. योगायोग असा, की आपल्याकडे आरएक्स-१०० चे उत्पादनही १९९६ सालीच थांबले.

आता तुम्हाला दूर अमेरिकेत नेतो. तिथे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात वाळूच्या उंच टेकड्या आहेत. सुटीच्या दिवशी तरुण तिथे चार चाकांच्या, मोटारसायकलीसारखे हँडल असलेल्या गाड्या घेऊन येतात. त्यांना ‘क्वाड बाइक’ म्हणतात. त्यांत यामाहाची ‘बॅन्शी’ फार नावाजलेली. ती १९८७ साली आली आणि अमेरिकेत २००६ पर्यंत विकली गेली. तिला दोन सिलिंडरचे, सुमारे ३५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन असते. आजही लोक ती जपून ठेवतात आणि तिची शक्ती वाढवण्यात रात्री घालवतात.

ते काम कसे करतात, ते पाहा. पहिल्यांदा कंपनीच्या नळ्या काढून मोठ्या पोटाच्या दोन नळ्या बसवतात, प्रत्येक सिलिंडरला एक. कोणाला खोल वाळूत कमी फेऱ्यांना ओढ हवी असते, कोणाला सपाटीवर जास्त फेऱ्यांना वेग हवा असतो. त्याप्रमाणे नळीची लांबी आणि शंकू निवडतात. नळी बदलली की इंजिनात हवा जास्त जाते. मग कार्ब्युरेटरमधला जेट मोठा घालावा लागतो, म्हणजे त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त जाते. हे विसरले, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन भलतेच तापते आणि पिस्टनच्या डोक्याला चक्क भोक पडते. म्हणून थोडे चालवायचे, प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. पांढरट असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त, तपकिरी असेल तर ठीक. त्यानंतर धुराच्या खिडकीची उंची किंचित वाढवायची. खिडकी लवकर उघडते, इंजिन अधिक फेऱ्या घेते. पण मग लाटेची वेळ बदलते, आणि नळीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. एक धागा ओढला की सगळे कापड हलते.

वाळूत गुडघे टेकून प्लग तपासणाऱ्या त्या तरुणांपैकी किती जणांना चोपाऊ हे नाव माहीत असेल, कोण जाणे. त्यांच्या गाडीवर यामाहाचे नाव असते. त्या यामाहाने १९५५ साली आपली पहिली मोटारसायकल बाजारात आणली. ती कशावरून बनवली होती, ठाऊक आहे? चोपाऊच्या त्याच आरटी १२५ वरून.